परदेशांतील तरुण मिशनरी : गॉर्डन हॉल यांची दिनचर्या

मिशनरी हा शब्द आपल्या मुलांच्या कानांवरून नेहमीं जातो. परंतु घरदार सोडून, ज्या देशांत आपली भाषा कोणी जाणत नाहीं तेथें येऊन राहिलेल्या तरुणाचा दिवस कसा जात असे, याचा विचार आपण क्वचितच करितों. मनुष्याची परीक्षा त्याच्या पराक्रमापेक्षां रोजच्या वागणुकींत अधिक होते. म्हणून या लेखांत आम्ही एकच उदाहरण घेतों. तें आपल्याच मुंबईंत घडलेलें आहे.

गॉर्डन हॉल यांचा जन्म १७८४ सालीं अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतांत झाला. १८०८ सालीं ते विल्यम्स कॉलेजांतून पदवीधर झाले. धर्मशास्त्राबरोबर त्यांनीं थोडें वैद्यकही शिकून घेतलें. त्याचा उपयोग पुढें कसा झाला तें वाचकांस कळेलच. १८१२ च्या फेब्रुवारींत सेलम येथें पांच तरुणांस दीक्षा मिळाली व ते दोन जहाजांनीं हिंदुस्थानाकडे निघाले. कलकत्त्यास पोंचतांच ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारानें त्यांस देश सोडण्याचा हुकूम केला. कंपनीस मिशनऱ्यांचा वावर नको होता. त्यांत त्याच वर्षीं इंग्लंड व अमेरिका यांचें युद्ध जुंपलेलें. मंडळी पांगली. सॅम्युएल न्यूएल यांची पत्नी हॅरिएट ही मॉरिशस बेटावर वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं मरण पावली. हॉल व त्यांचे सोबती सॅम्युएल नॉट हे ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं मुंबईस उतरले. येथेंही हद्दपारीची टांगती तलवार होतीच. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांस त्यांनीं विनंतिपत्रें लिहिलीं, आणि फार दिवसांच्या अनिश्चिततेनंतर त्यांस राहूं देण्यांत आलें.

आतां दिनचर्येकडे वळूं. पहिलें काम भाषेचें. आज विद्यार्थ्यापाशीं कोश व व्याकरणें यांची रेलचेल आहे. हॉल यांच्या वेळीं विल्यम केरी यांचें १८०५ सालचें मराठी व्याकरण आणि १८१० सालचा मोडी लिपींत छापलेला कोश एवढींच मुख्य साधनें होतीं. मोल्सवर्थचा मोठा कोश १८३१ सालीं निघाला. तेव्हां खरा कोश म्हणजे पंडित, आणि खरी शाळा म्हणजे बाजार. इंग्रजी बोलणाऱ्यास मराठी किती अवघड पडते, याची कल्पना आमच्या मुलांनीं करून पाहावी. भाकरी ती कां, आणि भात तो कां, याचें कारण कोणी सांगत नाहीं. 'ळ' जिभेवर बसत नाहीं. तूं, तुम्ही आणि आपण यांत चुकलें तर मनुष्य दुखावतो. 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद तर इंग्रजींत नाहींच. 'आम्ही पापी आहों' असें म्हटलें तर ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलें तर तो आंत येतो. एका शब्दानें बोलणाऱ्याचें श्रोत्याशीं असलेलें नातें बदलतें.

दुसरें काम लोकांत मिसळण्याचें. रस्त्यावर, देवळांपाशीं, जेथें चार माणसें जमत तेथें उभें राहून हॉल मराठींत बोलत. त्यांच्या बोलण्यांत हिंदु धर्मावर कठोर टीकाही असे, आणि ती लोकांस रुचत नसे. लोकही मुके नव्हते. ते प्रश्न विचारीत, वाद घालीत, कधीं हंसून निघून जात. तेरा वर्षांच्या या श्रमानंतर त्यांचा उपदेश स्वीकारणारे जवळजवळ कोणीच नव्हते. रोज पेरावें आणि अंकुर दिसूं नये, ही कसोटी किती कठीण आहे हें शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको.

तिसरें काम शाळांचें. त्या काळीं मुलें धुळपाटीवर अक्षरें गिरवीत. मिशनच्या मराठी शाळांतून बहुतेक पंतोजी हिंदूच असत. १८२४ सालीं मिशननें मुंबईंत मुलींची शाळा उघडली. १८२७ च्या अखेरीस मिस सिंथिया फॅरार या अविवाहित शिक्षिका त्या कामासाठीं आल्या व पुढें अहमदनगरास राहिल्या. त्यांची नगरची शाळा जोतीराव फुले यांनीं पाहिली, आणि १८४८ सालीं पुण्यांत आपली मुलींची शाळा काढली. एका ठिकाणचा दिवा दुसरीकडे कसा लागतो, याचें हें उदाहरण आहे.

चौथें काम छापखान्याचें. १८१६ सालीं होरेशिओ बार्डवेल आले व १८१७ पासून मिशनचें मराठी छापकाम सुरू झालें. त्याच वर्षीं मत्तयाचें शुभवर्तमान निघालें. या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यांनीं पुढें मराठीचे सुबक टाइप घडविले. गणपत कृष्णाजी तेथेंच छपाई शिकले, आणि निर्णयसागरचे जावजी दादाजी यांनीं लहानपणीं तेथें काम केलें. म्हणजे मिशनच्या पुस्तकांसाठीं उभारलेल्या या कारखान्यांतून आपलीं पंचांगें व संस्कृत ग्रंथ छापणारे हात तयार झाले.

या साऱ्यांत घर कोठें होतें? हॉल यांचा विवाह १८१६ सालीं मुंबईंतच झाला. मायदेशाचें पत्र येण्यास महिनेच्या महिने लागत. आनंदाची वार्ता शिळी होऊन येई आणि दुःखाचीही. १८२१ सालीं सोबती न्यूएल पटकीनें गेले. १८२५ सालीं पत्नी मुलांच्या प्रकृतीस्तव त्यांस घेऊन अमेरिकेस परतली. हॉल मागें राहिले. पुन्हा भेट झाली नाहीं.

१८२६ च्या मार्चांत ते दोन मुलगे बरोबर घेऊन नाशिकास गेले. तेथें पटकीची सांथ होती. जवळचें औषध ते आजाऱ्यांस वांटीत राहिले आणि तें संपत आल्यावर परत निघाले. वाटेंत एका खेड्यांतील देवळाच्या ओसरीवर मुक्काम असतां त्यांसही पटकीनें गांठलें. २० मार्च रोजीं कांहीं तासांतच त्यांचा अंत झाला. वय अवघें एकेचाळीस. शवपेटी नव्हती, बरोबरच्या त्या मुलग्यांनींच त्यांस मूठमाती दिली. संपूर्ण मराठी नवा करार त्याच वर्षीं छापून पुरा झाला.

हॉल यांच्या मतांशीं आमचे सर्व वाचक सहमत होतील असें नाहीं, आणि तशी आमची अपेक्षाही नाहीं. परंतु ज्यांच्यांत राहावयाचें त्यांची भाषा आधीं शिकावी, फळ दिसलें नाहीं तरी दुसऱ्या दिवशीं पुन्हा कामास लागावें, आणि औषध पुरेल तोंवर तें दुसऱ्यास द्यावें, या तीन गोष्टी कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्यानें घ्याव्या अशा आहेत. आज आमच्या मुलांपैकीं कित्येक शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं परमुलखीं जातात. त्यांस व त्यांच्या मातापित्यांस हा धडा उपयोगी पडो.

विद्यार्थ्यांसाठीं प्रश्न
१. 'आम्ही' व 'आपण' यांतील भेद दोन वाक्यें रचून दाखवा.
२. परक्या गांवीं पहिल्या महिन्यांत तुम्ही कोणते वीस शब्द आधीं शिकाल, आणि कां?
३. ज्या कामाचें फळ लवकर दिसत नाहीं असें एक काम घरांतील वडील मंडळींस विचारून लिहा.