कोळीवाड्याचे अंगण

वरळीला समुद्रात घुसलेले जमिनीचे एक टोक आहे. टोकावर जुना किल्ला आहे. त्याच्या पायथ्याशी कोळीवाडा आहे. मुंबई हे शहर नव्हते, नुसती सात बेटे होती, तेव्हापासून कोळी लोक या किनाऱ्यांवर राहत आले आहेत.

चला, वाडीत जाऊ. गल्ल्या अरुंद, घराला घर लागलेले. कुटुंब वाढले तसा घरावर माळा चढला. गटार मात्र होते तेवढेच राहिले. पावसात ते तुंबते. बाहेरचा पाहुणा नाकाला रुमाल लावतो आणि म्हणतो, "ही तर झोपडपट्टी! हे पाडा अन् उंच इमारत बांधा."

थांबा दादा, जरा पुढे या. गल्ली संपते तिथे मोकळी जागा दिसते ना? ती रिकामी नाही. ते कोळ्याचे शेत आणि खळे आहे! यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. तेव्हा होड्या वर ओढतात, शाकारतात, जाळी सांधतात. वेसावे, मढ इथे अशाच जागेत बांबूंवर दोऱ्या ताणून बोंबील वाळवतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि जोडी दोरीवर टाकतात. अकराव्या मजल्यावर हे कसे जमावे?

म्हणून नळ हवा, संडास हवा, रुंद गटार हवे. पण ते वाडीत हवे, वाडी उठवून नको.

भांडून काही मिळते का? वरळीचेच पाहा. सागरी किनारा मार्गाच्या पुलाचे खांब होड्यांच्या वाटेत येणार होते. दोन खांबांत ६० मीटर अंतर ठरले होते. भरतीच्या लाटेने होडी खांबावर आदळली तर? मच्छीमारांनी अर्ज केले, काम अडवले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने ते अंतर १२० मीटर करण्याचे जाहीर केले. मागणी याहून जास्त होती, हेही खरे.

आता जमिनीची गोष्ट. २०११ साली केंद्र सरकारने किनाऱ्याचे नियम काढले. त्यांत मुंबईच्या कोळीवाड्यांचा वेगळा विचार होता. या वस्त्यांचे नकाशे करावेत, असे त्यांत म्हटले होते. पुढे राज्य सरकारनेही कोळीवाड्यांच्या हद्दी आखण्याचे काम हाती घेतले.

इथेच नीट डोळे उघडे ठेवा. रेघ नुसती घरांभोवती ओढली, तर अंगण वाडीच्या बाहेर राहते. बाहेर राहिलेली जागा कागदावर कोळ्यांची उरत नाही. नकाशा पुढे आला की घाईने अंगठा उठवू नका, सहीही करू नका. आधी आपले घर शोधा. मग बोटाने वाट धरून किनाऱ्यापर्यंत जा. जाळी वाळतात ती जागा रेघेच्या आत आहे का? होड्या लागतात तो बंदर? मासळी वाळते ते खळे? नसेल, तर तिथल्या तिथे लेखी हरकत द्या आणि पोच मागून घ्या.