फ्रिट्झ पोलार्ड आणि अलिखित बंदी

अमेरिकेतील ‘फुटबॉल’ आपल्याकडील फुटबॉलहून निराळा आहे. त्यात लंबगोल चेंडू छातीशी धरून प्रतिपक्षाच्या फळीतून धावत जायचे असते, आणि हे काम मुख्यत्वे हाफबॅकचे. या जागेवर नाव कमावणारे कृष्णवर्णीय खेळाडू फ्रिट्झ पोलार्ड १८९४ साली शिकागो येथे जन्मले.

१ जानेवारी १९१६ रोजी ते ब्राऊन विद्यापीठाकडून प्रतिष्ठेच्या ‘रोझ बोल’ सामन्यात उतरले. त्या सामन्यात खेळणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत. (बाबासाहेब तेव्हा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अध्ययन करीत होते.) तो सामना ब्राऊनने गमावला, मात्र त्याच वर्षीच्या पुढील हंगामात येल व हार्वर्ड या दोन्ही बलाढ्य विद्यापीठांना नमविले. पोलार्ड खाली पडले की प्रतिस्पर्धी मुद्दाम अंगावर कोसळत. म्हणून ते चटकन पाठीवर वळून बुटांचे खिळे वर करीत पाय झाडीत. प्रशिक्षणाचा हा धडा गोऱ्या खेळाडूंना कधी गिरवावा लागला नाही!

१९२० साली व्यावसायिक संघांची संघटना स्थापन झाली. तीच आजची एनएफएल. पहिल्याच हंगामात पोलार्ड यांचा ॲक्रन प्रोज संघ अपराजित राहून विजेता ठरला. १९२१ मध्ये ते खेळाडू आणि प्रशिक्षकही झाले. थोर गायक पॉल रोबसन त्या वर्षी त्यांच्या संघात होते. तरीही ॲक्रनमध्ये या विजेत्या खेळाडूला कपडे बदलावे लागत ते संघमालकाच्या सिगारच्या दुकानात.

१९२६ नंतर पोलार्ड एनएफएलमध्ये दिसत नाहीत. १९३३चा हंगाम संपल्यावर तर १९४६ पर्यंत तेथे एकही कृष्णवर्णीय खेळाडू उरला नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचार करावा. नियमपुस्तिकेत अशी बंदी नव्हती. लेखी असती तर तिच्याविरुद्ध दाद मागता आली असती. पण संघमालक अशी बंदी असल्याचेच नाकारीत राहिले. एकदा उघडलेले दार आपोआप उघडेच राहते, हा समज या बारा वर्षांनी खोटा ठरविला.

पोलार्ड यांनी मात्र १९३५ पासून न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत ‘ब्राऊन बॉम्बर्स’ हा कृष्णवर्णीयांचा संघ घडविला आणि गोऱ्या संघांशी सामने खेळविले.

१९८६ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतरचे एनएफएलमधील पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक आर्ट शेल नेमले गेले १९८९ साली. खेळाच्या गौरव-दालनात पोलार्ड यांचे नाव लागले, ते २००५ मध्ये.