सर्वांसाठी आरोग्य : टेलला पाणी पोचले का?

(सभासद शिक्षण : अभ्यासलेख)



भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. तेव्हापासून प्रवरेच्या कालव्यांवर आपल्या भागाचा संसार उभा आहे. धरण भरल्याची बातमी आली की आपल्याला आनंद होतो. पण टेलचा शेतकरी एवढ्यावर समाधान मानीत नाही. तो विचारतो, "ते सगळं खरं, पण माझ्या चारीला पाणी आलं का?" धरणातले पाणी आणि रानातले पाणी यांत फरक असतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

सरकारच्या आरोग्य आणि कल्याण योजनांना आपण हीच कसोटी लावून पाहू. वचन मोठे आहे. ते टेलपर्यंत उतरले का, एवढाच या पाठाचा विषय आहे.

१. वचन काय होते?

स्वातंत्र्याच्या आधी, १९४३ साली, सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. हे भोर जन्माने नाशिकचे. समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणाही माणसाला उपचारावाचून ठेवू नये, आणि आरोग्यसेवेची सुरुवात खेड्यापासून व्हावी, ही त्यातली दोन मुख्य सूत्रे. आपल्या गावोगावची प्राथमिक आरोग्य केंद्रे त्याच विचारातून निघाली. आज सपाट भागात ३०,००० वस्तीला एक प्राथमिक केंद्र आणि ५,००० वस्तीला एक उपकेंद्र असे प्रमाण ठरलेले आहे.

पुढे १९७८ साली त्या वेळच्या सोव्हिएत संघातील अल्मा-आटा या शहरी जगातील देशांची परिषद भरली. 'सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य' अशी घोषणा तिथे झाली. त्या घोषणेत आपला देशही सामील होता. सन २००० येऊन गेले. हिशोब मात्र अजून पुरा व्हायचा आहे.

२. हातात काय आले?

जे झाले ते आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

महाराष्ट्र सरकारने २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली आणि २०१३ मध्ये ती राज्यभर नेली. कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार ठरलेल्या रुग्णालयांत मोफत मिळू लागले. २०१७ मध्ये या योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिले गेले. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ मध्ये आली.

मात्र राज्याची योजना मुख्यतः पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेपुरती होती. पांढरे कार्ड असलेला आपल्याकडचा सभासद तिच्या बाहेर राहिला. दोन-तीन एकर ऊस, अंगावर सोसायटीचे कर्ज, आणि कार्ड मात्र पांढरे, अशी घरे आपल्यात थोडी नाहीत. त्या घरात हृदयाचे ऑपरेशन निघाले की रान गहाण पडायचे. १ जुलै २०२४ पासून ही योजना राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू झाली आणि मर्यादा पाच लाखांची झाली. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग अशा आजारांत ज्यांच्या घरी हिचा उपयोग झाला, त्यांना या योजनेची किंमत वेगळी सांगायला नको.

शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत सर्व सेवा निःशुल्क झाल्या. हेही मोठे पाऊल आहे.

३. कार्ड कुठे थांबते?

आता टेलकडे जाऊ. हे कार्ड मुख्यतः दवाखान्यात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांसाठी आहे, आणि तेही यादीत असलेल्या आजारांसाठी. घरात वर्षभर जो खर्च होतो तो मात्र निराळाच असतो. म्हातारीची रक्तदाबाची गोळी, बापाची साखर, पोराचा ताप, रक्त-लघवीची तपासणी. हा पैसा थोडा थोडा जातो, म्हणून दिसत नाही.

समजा, एका घरात नवरा-बायको दोघांनाही मधुमेह आहे आणि गोळ्या-तपासणीला महिन्याला बाराशे रुपये लागतात. वर्षाचे झाले चौदा हजार चारशे. दहा वर्षांत हा आकडा दीड लाखाच्या घरात जातो. यातला एक रुपयाही कार्डावर निघत नाही. पैशाची ओढ लागली की माणूस पहिली काट मारतो ती गोळीवर. मग पाच-सात वर्षांनी मूत्रपिंड जाते, आणि तेव्हा मात्र डायलिसिसला कार्ड चालते! खोडकीड कोवळ्या उसात बघितली नाही आणि तोडणीच्या वेळी फवारणी केली, तर त्याला शेतकी खाते काय म्हणेल?

थायलंड हा आपल्यासारखाच शेतीचा देश. त्याने २००२ सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य योजना लागू केली. सुरुवातीला दर भेटीस ३० बाट एवढी किरकोळ फी होती. प्रत्येकाचे नाव जवळच्या सरकारी दवाखान्याशी जोडले आणि साध्या तापापासून मोठ्या ऑपरेशनपर्यंत सगळे एकाच योजनेत घेतले. हे जमले, कारण तालुक्या-तालुक्यांत दवाखाने त्यांनी आधी उभे केले होते आणि नव्या डॉक्टरांना खेड्यात सेवा सक्तीची केली होती. म्हणजे आधी चाऱ्या काढल्या, मग पाणी सोडले.

आपल्याकडे देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९ टक्क्यांवर आला. सुधारणा आहेच, पण शंभरातले ३९ रुपये अजून रोग्याच्याच खिशातून जात होते. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करायचे ठरविले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

४. "फुकट दिलं की किंमत राहत नाही"

आपल्या बैठकीत हे वाक्य नेहमी ऐकू येते. त्याचाही विचार करू. ब्रिटनने ५ जुलै १९४८ पासून सर्वांना मोफत आरोग्यसेवा दिली. तिथे रांगा लागतात, ऑपरेशनला महिनोन्‌महिने थांबावे लागते, हे खरे आहे. पण ती सेवा फुकट नाही. लोक धडधाकट असताना करातून पैसे भरतात आणि आजारी पडल्यावर सेवा घेतात. दहा जणांनी मिळून एकाचे ओझे उचलणे म्हणजेच सहकार. आपल्या भागातल्या शाळा-कॉलेजांना उसाच्या बिलातून कपात दिली, ती याच हिशोबाने. शेजारी लोणीला ग्रामीण भागासाठी मोठे रुग्णालय सहकाराच्या चळवळीतूनच उभे राहिले. तेव्हा हा विचार आपल्याला परका नाही.

५. खरा टेल कोणता?

आता थोडी अवघड गोष्ट. आपण सभासद म्हणजे फार तर मधल्या चारीवरचे लोक. साखरेच्या धंद्यातला टेल आपल्याच फडात उभा आहे.

१९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने कारखान्यातील कामगारांना दवाखाना आणि आजारपणाचा भत्ता दिला. त्यातून हंगामी कारखाने मात्र वगळले, आणि हंगामी म्हणून जे धंदे मोजले त्यांत साखर आणि गुळाचे नाव स्पष्ट लिहिले. कारखान्यातल्या कामगाराची ही गत, तर फडातल्या कामगाराला कोण विचारणार?

ऊसतोडीची माणसे बीडहून आणि आपल्याच जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. एक दिवस खाडा झाला तर मजुरी बुडते आणि वर दंड कापला जातो. अंगणवाडी, आशाताई, लसीकरणाची वही सगळे गावी राहते, आणि बाई सहा महिने आपल्याकडे कोपीत राहते.

याचा परिणाम काय झाला, ते २०१९ मध्ये उघड झाले. राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा जणींत एक. बहुतेक ऑपरेशने खाजगी दवाखान्यांत झालेली. अड्ड्यावर संडास नाही, धुवायला पाणी नाही, पाळीत विसावा नाही, अंगावरून जायला लागले तर साधे औषध द्यायला कोणी नाही. तेव्हा "पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल" हा सल्ला त्या बाईला सोयीचा वाटला. लहान आजाराकडे कोणी पाहिले नाही, मोठे ऑपरेशन मात्र झाले.

हे अटळ होते असेही नाही. याच जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या बायकांनाच आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या. बाळंतपण, जुलाब, लसीकरण, स्वच्छ पाणी ही कामे त्यांनी गावातच सांभाळली, आणि बालमृत्यू कमी झाले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देशात गावोगाव आशा कार्यकर्ती नेमण्याची योजना आली ती २००५ नंतर. टेलपर्यंत सेवा कशी न्यायची, हे आपल्याच जिल्ह्याने जगाला दाखविले होते.

६. मग वचन पाळले गेले का?

थोडक्यात सांगायचे तर, मोठ्या आजारापुरते बरेच पाळले गेले. रोजच्या आजारापुरते अर्धेमुर्धे. आणि जो पोटासाठी गाव सोडून फिरतो, त्याच्यापुरते सर्वांत कमी. नुसत्या विम्याच्या कार्डाला आरोग्यसेवा म्हणता येत नाही. गावच्या केंद्रात डॉक्टर, नर्स आणि गोळ्या हजर असतील, तरच पुढे कार्डाला अर्थ आहे.

७. आपण काय करावे?

(अ) घरातील सर्वांची नावे शिधापत्रिकेवर आणि आधारवर सारखी आहेत का, ते पाहून ठेवावे. ऐनवेळी अडते ते इथेच. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, आधी त्याला भेटावे. मदतीचा फोन १५५३८८.

(आ) शेतात अपघाती मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून मृत्यूस दोन लाख रुपये मिळतात. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि घरातील आणखी एक व्यक्ती यांना ती लागू आहे. सर्पदंश आणि विजेचा धक्काही त्यात येतो. तालुका कृषी कार्यालयात विनाविलंब अर्ज करावा.

(इ) ग्रामसभेत रस्त्या-गटाराबरोबर आरोग्य केंद्राचाही विषय घ्यावा. कोणती पदे रिकामी आहेत आणि कोणत्या गोळ्या संपल्या आहेत, हे नाव घेऊन विचारावे.

(ई) ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या दर टनामागे कारखान्याने १० रुपये आणि तितकेच सरकारने द्यायचे, असे ठरले आहे. पाच लाख टन गाळपाला कारखान्याचेच पन्नास लाख होतात. हा पैसा किती जमा झाला आणि अड्ड्यावर काय पोचले, हे विचारण्याचा हक्क वार्षिक सभेत प्रत्येक सभासदाला आहे.

(उ) हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात अड्ड्यावरील गरोदर बाया आणि लहान मुले यांची यादी शेतकी विभागाने उपकेंद्राला द्यावी. पाणी आणि संडास तोडणीच्या आधी तयार असावेत. गावचे रेशन कार्ड इथल्या दुकानातही चालते, हे त्यांना सांगावे. यातल्या बहुतेक गोष्टींना पैशापेक्षा लक्ष जास्त लागते.

पाणीवाटपात 'टेल टू हेड' हा नियम आपणच मागून घेतला. आधी शेवटच्याला, मग पहिल्याला. आरोग्याच्या पाण्यालाही हाच नियम मागायला हवा.

गटवार चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरी मागल्या वर्षी औषधपाण्यावर किती खर्च झाला? त्यातला कार्डावर किती निघाला?
२. आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात मंजूर पदे किती आणि भरलेली किती?
३. आपल्या फडात तोडणीला आलेल्या टोळीतील बाई आजारी पडली, तर ती कोठे जाते? तिला कोण नेते? त्या दिवसाचा खाडा कोणाच्या अंगावर पडतो?