अन्न नाकारणारे बालक : वर्तनोपचाराची ओळख

लेण्याद्रीच्या परिसरात, म्हणजे जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत, वजन न वाढणाऱ्या बालकाचा विचार बहुधा कुपोषणाच्या अंगाने होतो. ते स्वाभाविकही आहे. अंगणवाडीत वजन घेतले जाते व आहार वाढविण्याचा सल्ला मिळतो. परंतु स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही बालकांच्या घरी अन्न असते, आई ताट घेऊन बसलेलीही असते. मूलच तोंड उघडत नाही. अशा वेळी ताटात अधिक वाढून काही साधत नाही.

प्रथम शारीरिक कारणे तपासली पाहिजेत. जठरातील आम्ल वर येणे, जुनाट बद्धकोष्ठता, किडलेले दात यांमुळे खाणे वेदनादायक होते. जेवताना वारंवार ठसका लागत असेल किंवा पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होत असेल, तर गिळण्याच्या क्रियेची तपासणी होईपर्यंत वर्तनोपचार सुरू करू नये.

वेदना दूर झाल्यावरही नकार टिकून राहतो, कारण तो शिकला गेलेला असतो. मूल मान फिरवते, ताटली ढकलते, रडते. आई घास बाजूला ठेवते आणि बिस्किट देते. रडल्याने नको असलेल्या घासापासून सुटका होते, हा धडा दिवसातून तीनदा गिरविला जातो. कॅथलीन पियाझा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या मुलांच्या वर्तनाचे कारण स्पष्ट झाले, त्यांपैकी बहुतेकांत ही ‘सुटका’च मुळाशी आढळली. कित्येकांच्या बाबतीत मोठ्यांचे विनवणे व रागावणे हेही नकाराला खतपाणी घालणारे ठरले. यात आईचा दोष नाही. रडणारे मूल पाहून कोणीही तेच करील.

उपचारात मागणी अगदी लहान केली जाते. चमच्याच्या टोकावर वरणभाताचे एखादे शीत, तेही जड वाटल्यास नुसता ओठांना स्पर्श. ते स्वीकारताच कौतुक व आवडीच्या पदार्थाचा घास. नकार आल्यास रागावणे नाही, विनवणे नाही. नवी चव अंगवळणी पडण्यास दहा-पंधरा वेळाही लागतात. जेवण ठरलेल्या जागी, सुमारे वीस-पंचवीस मिनिटांचे असावे आणि अधूनमधून दूध-बिस्किटे देऊ नयेत.

आरंभीच्या दिवसांत रडणे कमी होण्याऐवजी वाढते. तिसऱ्या दिवशी घरातील कोणी कळवळून बिस्किट पुढे केले, तर मूल एवढेच शिकते की अधिक वेळ रडावे लागते. कांदा-टोमॅटोच्या काढणीत आई शेतावर असते व भरविणे आजीकडे येते. म्हणून पद्धत आजीलाही समजावून द्यावी. खरे तर तिलाच आधी. नकारानंतरही चमचा न हटविण्याची पद्धत परिणामकारक असली, तरी ती प्रशिक्षित तज्ज्ञाच्या देखरेखीविना घरी योजू नये.

मुलास पायांवर आडवे घेऊन, नाक दाबून बोंडल्याने पाजण्याची जुनी रीत मात्र पूर्णपणे वर्ज्य करावी. अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, शिवाय अन्नाची भीती दृढ होते. ‘भूक लागली की आपोआप खाईल’ हेही या मुलांच्या बाबतीत भरवशाचे नाही. उपाशी ठेवून हट्ट मोडण्याचा प्रयोग करू नये. आहार दोन-चार पदार्थांपुरता राहिलेल्या स्वमग्न मुलांत ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने स्कर्व्ही झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. अशी मुले कधी कधी पाय दुखतात म्हणून चालणे सोडतात आणि मूळ कारण उशिरा ध्यानात येते.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत तपासणीसाठी येतात. विकासात विलंब असलेल्या बालकांना पुढे जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची त्यात तरतूद आहे. पथक गावी येईल तेव्हा पालकांनी ‘वजन कमी आहे’ एवढेच न सांगता ‘जेवणास नकार देतो’ असे स्पष्ट सांगावे. आधीच्या सात दिवसांत मुलाने काय, किती व कोणाच्या हातून खाल्ले आणि नकारानंतर घरच्यांनी काय केले, याची वहीतील नोंद सोबत असावी. लिहिता येत नसल्यास ती अंगणवाडीताईंकडून करून घ्यावी.