मोझाइक रोगाची आपोआप जुळणारी कांडी

तंबाखूच्या पानावर फिकट व गडद हिरवे डाग उमटून तें चितकबरें होतें, हा रोग आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. टोमॅटो व मिरचीवरही तो येतो. इ. स. १८८६ मध्यें हॉलंडांत आडोल्फ मायर यांनीं त्यास मोझाइक हें नांव दिलें. त्याचें कारण जो विषाणु, त्याचे स्फटिक १९३५ सालीं अमेरिकेंत वेंडेल स्टॅन्ली यांनीं काढले.

हा विषाणु म्हणजे एक पोकळ कांडी होय. लांबी ३०० नॅनोमीटर, जाडी १८. (एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले असतां त्यांतील एक तो नॅनोमीटर.) आरएनएच्या मळसूत्री धाग्याभोंवतीं एकाच घडणीचे सुमारें २१३० प्रथिनकण, कणसावरील दाण्यांप्रमाणें, दाटीनें बसलेले असतात. १९५५ सालीं फ्रेंकेल-कॉनराट व विल्यम्स यांनीं धागा व प्रथिन हीं निरनिराळीं करून किंचित् आम्ल पाण्यांत पुन्हा एकत्र केलीं. कोणीं हात न लावतां कांड्या पूर्ववत् जुळल्या, आणि पानांस रोगही देऊं लागल्या! येथें गवंडी नाहीं कीं सुतार नाहीं. कणाचा आकार, त्यावरील विद्युद्भार व पाणी टाळणारे त्याचे भाग, यांतच सारा आराखडा सांठविलेला असतो.

त्याच विद्युद्भाराचा पुढें निराळाच उपयोग झाला. तो द्रावणांतील धातूंचे कण ओढून घेतो. म्हणून १९९९ सालीं स्टीफन मॅन व त्यांचे सहकारी यांनीं कांडीवर सिलिका, लोहाचें ऑक्साइड इत्यादिकांचा लेप चढविला. प्रथिन व खनिज यांचा हा संकरच. मात्र यांत बियाण्याचा संबंध नाहीं. नंतर मेरीलंड विद्यापीठांत अशाच कांड्या उभ्या करून व त्यांस निकेलचा मुलामा देऊन विद्युत्-घटाच्या पत्र्याचा पृष्ठभाग कित्येक पटींनीं वाढविण्यांत आला. इतकी बारीक नळी कोणत्याही लेथवर निघणार नाहीं.

परंतु साचा म्हणून जी बळकटी कामास येते, तीच शेतकऱ्यास भोंवते. पानें वाळवून तंबाखू तयार झाली तरी कांडी मोडत नाहीं. वाळल्या पानांत ती वर्षानुवर्षें टिकते. तंबाखू मळलेल्या बोटांनीं टोमॅटोचीं रोपें हाताळलीं कीं पानावरील बारीकशा ओरखड्यांतून ती आंत शिरते, आणि पुढें प्रत्येक नव्या पेशींत प्रथिनकण स्वतःच धाग्याभोंवतीं जुळूं लागतात. रोग जडल्यावर कोणतीही फवारणी झाडास बरें करीत नाहीं. म्हणून लावणीच्या वेळीं तंबाखू दूर ठेवावी, हात साबणानें स्वच्छ धुवावे, रोगट रोपें उपटून जाळावीं आणि त्यांस लागलेल्या हातांनीं निरोगी वाफ्यांत जाऊं नये. साय काढलेल्या दुधांत बोटें वारंवार बुडवीत रोपें लावल्यासही प्रसार पुष्कळ कमी होतो.