आधी यादी, मग वाटणी

घर, जमीन आणि दागिने यांच्या वारसाहक्काविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यांवरून होणारे दावेही पिढ्यानुपिढ्या चालत आले आहेत. परंतु त्याच घरातील माळ्यावरची भांडी, फडताळातील कागद, देवघरातील टाक, पेटीतील नाणी, तसबिरी, ग्रामोफोनच्या तबकड्या आणि शालू-पैठण्या, म्हणजे कायदा ज्यांना चल मालमत्ता म्हणतो त्या चीजवस्तू, यांचे काय करायचे हा प्रश्न बहुधा घर रिकामे करण्याच्या शेवटच्या आठवड्यात उभा राहतो. वाड्यांच्या आणि चाळींच्या पुनर्विकासाने तो शहरांत अधिक तातडीचा केला आहे, कारण विकसकाशी झालेल्या करारात ताबा देण्याची तारीख ठरलेली असते आणि नव्या सदनिकेत तांब्याच्या बंबाला जागा नसते. या घाईत घेतलेले निर्णय चुकतात याचे कारण भावनेच्या भरापेक्षा कामाच्या उलट्या क्रमात अधिक सापडते: किंमत आणि वाटणी या शेवटी ठरवायच्या गोष्टी आधी ठरतात, आणि ज्या यादीवर त्या दोन्ही अवलंबून असायला हव्यात ती यादी कधी होतच नाही.

वस्तूचे मोल तीन निरनिराळ्या मापांनी होते. मोडीत काढल्यावर धातूच्या वजनावर जी रक्कम मिळते ती मोडकिंमत. वस्तू दुर्मीळ, अस्सल आणि सुस्थितीत असल्यामुळे जाणकार संग्राहक देऊ करतो ते संग्रहमूल्य. आणि ती कोणाची, कुठली, केव्हाची हे ठाऊक असल्यामुळे इतिहासाच्या अभ्यासाला होणारा तिचा उपयोग ते पुरावामूल्य. मोडकिंमत वस्तूबरोबर टिकते, संग्रहमूल्य निष्काळजी हाताळणीने घटते, पण पुरावामूल्य माहीतगार माणूस गेला की वस्तू शाबूत असूनही संपते, आणि ते परत मिळवण्याचा उपाय सहसा नसतो.

प्रस्तुत लेखकाच्या आजोळी, पुण्याच्या जुन्या पेठेतील एका वाड्यात, ही तिन्ही मोले एकापाठोपाठ एक कशी गेली ते पाहण्यासारखे आहे. वाटणी तोंडी झाली. तांब्यापितळेची भांडी, त्यांवर कोरलेली नावे न उतरवताच, किलोच्या भावाने गेली. चांदीचे रुपये विकण्यापूर्वी उजळ दिसावेत म्हणून चिंच आणि राख लावून घासले गेले. आणि मोडी कागदांचे गठ्ठे घरात कोणालाच वाचता येत नाहीत एवढ्याच कारणाने रद्दीच्या हातगाडीवर चढले. भावंडांत अबोला धरण्यापर्यंत जे भांडण झाले ते यांपैकी कशावरूनही झाले नाही. ते झाले एका पितळी अडकित्त्यावरून, जो आजोबांच्या पानाच्या डब्यात नेहमी असे आणि ज्याला बाजारात किरकोळ किंमत आली असती. स्मृतीचे मोल बाजार ठरवत नाही हे अशा वेळी सर्वांना कळते, मात्र ते यादीत आधी नोंदले गेले नाही तर वाटणीच्या दिवशी त्याला वाचा फुटते ती भांडणाच्या रूपाने.

यादीत प्रत्येक वस्तूपुढे क्रमांक, धातूचा किंवा कापडाचा प्रकार, माप, वजन, कोरीव मजकूर जसाच्या तसा, सध्याची स्थिती आणि ती घरात कशी आली याविषयी वडीलधारी माणसे जे सांगतील ते, एवढे तपशील असावेत. छायाचित्र काढताना वस्तूशेजारी मोजपट्टी ठेवावी आणि क्रमांकाची चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधावी, कारण चिकटपट्टीचा डिंक जर, लाखकाम आणि जुना कागद या सर्वांनाच इजा करतो. हे काम घरातील पुरुषांपेक्षा आत्या, मावश्या आणि त्या घरात सर्वांत आधी सून म्हणून आलेली स्त्री यांच्या मदतीने अधिक नीट होते. कोणते घंगाळ कोणाच्या माहेरचे आणि कोणती समई कोणत्या मुंजीत आली याचा हिशेब बहुधा त्यांच्याच डोक्यात असतो, आणि तो लिहून घेण्यापेक्षा मोबाइलवर ध्वनिमुद्रित करणे सोपे पडते. वारसांपैकी प्रत्येकाची यादीच्या प्रत्येक पानावर सही घ्यावी.

कागदांकडे सर्वांत आधी पाहावे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत महाराष्ट्रातील खासगी हिशेब, पत्रव्यवहार आणि जमिनीचे दस्त मोठ्या प्रमाणावर मोडी लिपीत लिहिले जात, त्यामुळे जुन्या घरातील गठ्ठ्यात कीर्द म्हणजे रोजचा जमाखर्च, खतावणी म्हणजे खातेवार हिशेब, सनद म्हणजे अधिकार किंवा उत्पन्न बहाल करणारा लेख, महजर म्हणजे पंचांच्या सभेत झालेल्या निवाड्याचा कागद, यांपैकी काहीही निघू शकते. वि. का. राजवाडे यांनी असेच कागद घरोघर हिंडून मिळवले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड प्रसिद्ध केले. मराठ्यांच्या इतिहासाचे लेखन ज्या पुराव्यावर उभे राहिले त्याचा मोठा भाग राजदरबारातून नव्हे तर कुटुंबांच्या फडताळांतून आलेला आहे. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० मध्ये पुण्यात स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आणि राज्य शासनाचे पुराभिलेखागार येथे असे कागद जतन केले जातात, आणि ते पाहून महत्त्व सांगू शकणारे जाणकारही अशाच ठिकाणी भेटतात. गठ्ठा ज्या फडक्यात बांधलेला असतो त्याला रुमाल म्हणतात. तो सोडल्यावर आतील कागदांचा क्रम बदलू नये, कारण तारीख नसलेल्या पत्राचा काळ अनेकदा त्याच्या मागच्यापुढच्या कागदांवरूनच ठरतो. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावणे, लॅमिनेशन करणे, टाचण्या मारणे आणि वाळवी झटकण्यासाठी कडक उन्हात पसरणे हे चारही उपाय टाळावेत. स्वच्छ मांजरपाटाचे फडके आणि कोरडी, हवेशीर जागा एवढ्यावर कागद पुष्कळ वर्षे राहतात. विसाव्या शतकातील कागद हलके मानण्याचीही रीत आहे, ती चुकीची आहे: गिरणीतील पगारपत्रके, रेशनकार्डे, लग्नातील आहेराच्या वह्या आणि वाणसामानाच्या याद्या ही सामाजिक इतिहासाची साधने आहेत, आणि ती सनदांइतकी जपली जात नसल्यामुळे उलट लवकर दुर्मीळ होतात.

भांड्यांबाबतही कोरीव मजकूर हाच मुख्य पुरावा होय. हंड्यावर किंवा परातीवर देणाऱ्याचे, घेणाऱ्याचे नाव, गाव आणि कधी कधी तिथी कोरलेली असते, आणि त्यावरून नातेसंबंध व स्थलांतर यांचा माग लागतो, जो इतर कोणत्याही दप्तरात नसेल. भांडे ठेवायचे नसले तरी त्या अक्षरांचे छायाचित्र ठेवायला जागा लागत नाही.

नाण्यांच्या बाबतीत पहिला नियम असा की ती कधीही घासू नयेत. वर्षानुवर्षांच्या हवेने धातूवर जो स्थिर थर चढतो तो संग्राहकाला अस्सलपणाची खूण वाटतो, आणि तो निघाला की पृष्ठभागावर ओरखडे उरून नाणे मोडकिंमतीला येते. राणी छाप म्हणून ओळखला जाणारा व्हिक्टोरियाचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा असून त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी आहे. १९४० पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा निघाला, त्यामुळे सन पाहिल्याशिवाय वजनावर सौदा करणे म्हणजे स्वतःहून नुकसान पत्करणे होय. क्वचित एखादे साल विशेष ठरते: १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो असा आक्षेप आला, नाणी परत घेतली गेली आणि उरलेल्यांना संग्राहकांत मागणी राहिली. याउलट, जुन्या नाण्याला लाखो रुपये देण्याचे आमिष दाखवून आधी ‘शुल्क’ उकळणारे सौदे ही फसवणूक होय. आपल्या नावाचा असा वापर होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये दिला आहे. डब्यात ५०० आणि १,००० च्या रद्द झालेल्या नोटा सापडल्या तर त्याही दुर्लक्षू नयेत, कारण २०१७ च्या कायद्याने अशा १० पेक्षा अधिक नोटा बाळगणे दंडनीय असून अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्र यांसाठी ही मर्यादा २५ आहे.

शालू-पैठण्या आणि तबकड्या यांच्याविषयी थोडक्यात सांगता येईल. जुन्या जरीत खरी चांदी असल्यामुळे ती जाळून चांदी काढणारे गिऱ्हाईक नेहमी तयार असते, तेव्हा वस्त्र म्हणून पैठणीचे मोल आधी पारखून घ्यावे. ठेवायची असल्यास मलमलीत गुंडाळून अधूनमधून घडी बदलावी. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या असल्याने स्पिरिटने पुसल्यास त्यांचा पृष्ठभाग विरघळतो. त्या उभ्याच ठेवाव्यात.

ज्या वस्तूंमुळे वारसदार नकळत कायद्याच्या कचाट्यात सापडतो त्या मात्र वेगळ्या काढाव्यात. लहान मुलाच्या गळ्यात बांधलेले सोन्यात मढवलेले वाघनख, हस्तिदंती बांगड्या, भिंतीवरचे सांबरशिंग, पूजेचे मृगाजिन या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कक्षेत येणाऱ्या वस्तू आहेत. मालकी प्रमाणपत्राशिवाय त्या बाळगणे गुन्हा ठरू शकतो, प्रमाणपत्र असले तरी त्यांची विक्री करता येत नाही, आणि प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीकडून त्या वारशाने आल्या तर ९० दिवसांत वनविभागाकडे तसे जाहीर करावे लागते. ज्या घरी प्रमाणपत्रच नाही तेथे वस्तू गुपचूप विकणे किंवा नातलगाकडे सरकवणे हा सर्वांत वाईट मार्ग असून वकिलाच्या सल्ल्याने वनविभागाशी बोलणे हा सरळ मार्ग होय. (मोराच्या गळालेल्या पिसांसाठी एवढी धास्ती घेण्याचे कारण नाही.) ठासणीच्या बंदुका, तलवारी आणि पट्टे यांच्याविषयी शस्त्र कायद्यानुसार पोलीस ठाण्यात विचारणा करावी.

पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ याची व्याप्ती आणखी मोठी आहे. १०० वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, नाणे किंवा कारागिरीची वस्तू, आणि शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेले ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित, यांना हा कायदा पुरावस्तू मानतो. दगड, धातू, हस्तिदंत, लाकूड यांतील मूर्ती, चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते यांची नोंदणी करावी लागते, आणि हस्तांतर झाल्यास तेही कळवावे लागते. खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. वाटणीत वाट्याला आलेला पणजोबांचा गणपती किंवा शिवराई नाण्यांची थैली अमेरिकेतील अथवा ऑस्ट्रेलियातील घरी नेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे. वस्तू जुनी दिसत असली तरी पुरावस्तू नसेल, तर तसा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधीच घ्यावा.

वाटणीचा कायदा चीजवस्तूंनाही लागू आहे, याचा विसर पडतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार मृत्युपत्र नसेल तर मुलींचा वाटा मुलांइतकाच असतो, वडिलोपार्जित मालमत्तेतही २००५ च्या दुरुस्तीने तो समान झाला आहे, आणि स्त्रीला माहेरून वा लग्नात मिळालेले स्त्रीधन तिच्या पतीच्या मालमत्तेत धरता येत नाही. तरीही ‘देव थोरल्याकडे, भांडी सुनांकडे’ या रिवाजाने मुलींची नावे चर्चेतही येत नाहीत. या बाबतीत गोव्याची पद्धत अनुकरणीय आहे. तेथे पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतून आलेल्या आणि २०१२ च्या अधिनियमात समाविष्ट झालेल्या कार्यवाहीत मृताच्या मालमत्तेची यादी, म्हणजे इन्व्हेंटरी, न्यायालयापुढे मांडली जाते आणि वारस आपापसांत बोली लावून हवी ती मालमत्ता घेऊ शकतात. महाराष्ट्रातील कुटुंबालाही हे तत्त्व घरगुती पातळीवर वापरता येईल: प्रत्येक वारसाला समान गुण द्यावेत आणि ज्याला जे अधिक हवे त्यावर त्याने ते खर्चावेत, म्हणजे अडकित्त्यासारख्या वस्तूचे त्या व्यक्तीपुरते खरे मोल सर्वांसमोर येते. त्यानंतर वाटणीचा लेखी करार करून त्याला यादी जोडावी.

जे कोणालाच नको असते ते विकले जाते किंवा दिले जाते. वारशाने वस्तू मिळाली म्हणून आयकर लागत नाही, मात्र दागिने, चित्रे, शिल्पे आणि कलावस्तू विकल्यास भांडवली नफ्यावर कर लागतो. रोजच्या वापरातील भांडी आणि कपडे यांतून वगळलेले आहेत. चित्रांच्या बाबतीत खूप जुन्या तसबिरीलाही मूळ चित्र समजण्याची घाई करू नये: राजा रविवर्मा यांच्या नावाने घरोघर टांगलेल्या लक्ष्मी-सरस्वती बहुतांशी त्यांच्या छापखान्यातील शिळाछापाच्या प्रती किंवा नंतरची पुनर्मुद्रणे आहेत. संग्रहालयाला देताना अपेक्षा बेताची ठेवावी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, कुलपे, अडकित्ते आणि दौती यांना जे स्थान मिळाले ते दिनकर केळकर यांनी आयुष्यभर निवडून, माहितीसह जमवलेल्या संग्रहामुळे. ज्या वस्तूबरोबर तिची कुळकथा नाही, किंवा जिच्यासारख्या पुष्कळ आधीच आहेत, ती घेण्यास कोणतेही संग्रहालय उत्सुक नसते आणि ती कायम मांडून ठेवण्याची अटही सहसा मान्य करीत नाही. अशा नकारानंतर घरातील साधा हंडा, त्याचे छायाचित्र आणि त्यावरील नाव यादीत आल्यावर आणि सर्वांच्या सह्या झाल्यावर, मोडीत गेला तर त्यात पूर्वजांचा कोणताही अनादर नाही.