नखांवरची नक्षी घरच्या घरी: खर्च किती, फसगत कुठे

लग्न चार दिवसांवर आलंय, साडी-ब्लाउज झालंय, राहिली नखं. पार्लरच्या पाटीवर ‘नेल आर्ट ५०० पासून’ लिहिलेलं असतं. त्यातला ‘पासून’ हा शब्द नीट वाचा. ५०० म्हणजे नुसत्या एकरंगी जेल पॉलिशचे. चार नखांवर नक्षी काढायची तर प्रत्येकी १०० धरून ४००. नखांवर आधीचं जेल असेल तर ते काढायचे २५० वेगळे. झाले ११५०, वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे १२०७ रुपये ५० पैसे. सप्टेंबर २०२५ पासून पार्लरच्या सेवांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलात अजून १८ टक्के लावलेले दिसले तर तिथेच विचारा. आणि बिलावर जीएसटी क्रमांकच नसेल, तर हा कर तुमच्याकडून घेताच येत नाही.

घरी करायचं तर सुरुवातीचा खर्च ६०० रुपयांच्या आसपास, आणि तोही एकदाच.

काय घ्यायचं, काय नाही

बेस कोट १५०, टॉप कोट १५०, ७० रुपयांच्या तीन नेलपेंट म्हणजे २१०, रिमूव्हर ६०, कापूस ४०. एकूण ६१०. हे पुण्या-मुंबईच्या दुकानांतले मध्यम कंपन्यांचे साधारण भाव आहेत. नामांकित कंपनीची बाटली घेतली तर रंगाचाच भाव दुप्पट-तिप्पट होतो, नक्षीत मात्र फरक पडत नाही. तीन रंग कोणते? पांढरा हवाच, त्याशिवाय नक्षी उठत नाही. दुसरा साडीला जाणारा गडद रंग, तिसरा सोनेरी.

बहुतेक जणी काटकसर करतात ती बेस कोट आणि टॉप कोटवर, आणि नेमकी तिथेच करू नये. बेस कोट नसेल तर लाल, मरून, निळा असे गडद रंग नखांना पिवळट डाग देऊन जातात. तो डाग रिमूव्हरने निघत नाही, नखाबरोबर वाढत वर सरकतो. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे डाग पूर्ण जायला सहा महिनेही लागू शकतात. टॉप कोट नसेल तर नक्षी दुसऱ्या दिवशी भांडी घासतानाच निघून जाते. ‘टू इन वन’ बाटली मिळते, ५०-६० रुपये वाचतात, पण ती दोन्ही कामं अर्धवट करते. नका घेऊ.

पैसे वाचवायचे ते अवजारांवर. ठिपक्यांसाठी पाच नगांचा डॉटिंग टूलचा संच १०० रुपयांना मिळतो. त्याच्याऐवजी केसाच्या पिनेचं गोल टोक मोठ्या ठिपक्याला, शाई संपलेल्या रिफिलचं टोक मधल्याला आणि टूथपिक बारीक ठिपक्याला चालतं. सरळ रेघांसाठी सेलोटेप पुरते, फक्त ती आधी मनगटावर एकदा चिकटवून काढा. चिकटपणा कमी झाला की खालचा रंग उचलून येत नाही. दोन रंग एकमेकांत मिसळायचे तर स्पंजचा नखाएवढा तुकडा. खडे हवेत? टिकल्यांच्या पाकिटातले काढा. विकत घ्यायचीच असेल तर एक वस्तू घ्या: स्टेशनरीच्या दुकानातला शून्य नंबरचा चित्रकलेचा ब्रश, ४० रुपयांचा.

स्टॅम्पिंगचा, म्हणजे कोरलेल्या ताटलीवरची नक्षी उचलून नखावर उमटवायचा संच २०० ते ४०० रुपयांत येतो. व्हिडिओत तो फार सोपा दिसतो. साधी नेलपेंट त्या ताटलीवरून नीट उचलली जात नाही, तिच्यासाठी दाट रंग वेगळा घ्यावा लागतो आणि ही गोष्ट पाकिटावर लिहिलेली नसते. पहिल्या महिन्यात त्या वाटेला जाऊ नका.

कुठून घ्यायचं

पुण्यात तुळशीबाग, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटचा परिसर, नागपुरात सीताबर्डी, कोल्हापुरात महाद्वार रोड. या ठिकाणी घासाघीस चालते. पण बाटली हातात घेऊन उलटी करून बघा: उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरायची ती तारीख आणि एमआरपी. ‘इम्पोर्टेड आहे’ असं सांगितलं तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक छापलेला हवा. यातलं काहीच नसलेली ३० रुपयांची बाटली स्वस्त नसते, कुठून आली तेच कळत नसलेली असते. एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात, वर ‘जीएसटी वेगळा’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

२४ रंगांच्या संचाचा मोह प्रत्येकीला होतो. मलाही झाला होता. त्यातले पाच रंग वापरले, बाकीचे वर्ष-दीड वर्षात डिंकासारखे दाट झाले. दाट झालेल्या बाटलीत रिमूव्हर ओतायची युक्ती घरोघरी चालते, पण त्याने रंग पातळ होऊन टिकेनासा होतो. त्यासाठी थिनर मिळतो, दोन-तीन थेंब पुरतात.

ऑनलाइन घेताना वस्तूच्या किमतीवर जाऊ नका, शेवटच्या पानावरचा आकडा बघा. ७० रुपयांच्या बाटलीवर डिलिव्हरी, हाताळणी आणि कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे लागून ती दीडशेवर जाते. उघडलेलं सौंदर्यप्रसाधन सहसा परत घेत नाहीत, म्हणून पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. कागदपत्र म्हणाल तर एकच: बिल. ते असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

वेळ किती काढून ठेवायचा

दीड तास, आणि त्यानंतर तासभर पाण्यात हात नाही. म्हणून रात्रीची भांडी आवरल्यावर बसा. जुना रंग काढा, नखं एकाच दिशेने घासा, हात धुऊन पूर्ण कोरडे करा. तेलकट नखावर काहीही टिकत नाही, क्रीम नंतर लावा. बेस कोट, मग रंगाचे दोन पातळ हात, प्रत्येकात पाच मिनिटांचं अंतर. एकच जाड हात दिला की वरून वाळलेला दिसतो, आत ओला राहतो आणि झोपल्यावर त्यावर चादरीची वीण उमटते.

नक्षी दहाही नखांवर काढू नका, प्रत्येक हाताच्या अनामिकेवर आणि अंगठ्यावर पुरे. ज्यांना ठिपक्यांची रांगोळी येते त्यांना हे वेगळं शिकावं लागत नाही. मध्ये एक ठिपका, भोवती पाच, झालं फूल. ठिपका ओला असतानाच टूथपिकचं टोक त्यातून ओढलं की पाकळी किंवा पान होतं. उजव्या हाताने काम करत असाल तर डाव्या हातावरची नक्षी सुबक येईल आणि उजव्यावरची वाकडी. त्यावर उपाय म्हणजे उजव्या हातावर नुसते ठिपके, किंवा बहिणीला हाक मारा. नक्षी दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या. टॉप कोट घाईने लावला तर ठिपके फराटत जातात. कडेला लागलेला रंग रिमूव्हरमध्ये बुडवलेल्या ब्रशने पुसा.

खाली वर्तमानपत्र अंथरा. अ‍ॅसिटोन असलेला रिमूव्हर टेबलाचं पॉलिश, चष्म्याची फ्रेम, मोबाइलचं कव्हर, सगळं खराब करतो. तो प्लास्टिकच्या नाही, स्टीलच्या वाटीत ओता. नेलपेंट आणि रिमूव्हर दोन्ही पटकन पेट घेतात, म्हणून गॅसजवळ किंवा देवघरातल्या समईशेजारी हे काम नको.

जेलचं किट घ्यावं का?

जेल घट्ट करायचा दिवा ९००, जेलचे बेस आणि टॉप ४००, तीन रंग ७५०, अ‍ॅसिटोन १००, फॉइल-बफर वगैरे १५०. एकूण २३००. पार्लरच्या दोन फेऱ्यांत वसूल, असा हिशेब मांडला जातो. तो अपुरा आहे. जेल वाळत नाही, दिव्याखाली घट्ट होतं. २०० रुपयांच्या चिमुकल्या दिव्यात ते आतून कच्चं राहतं आणि कच्चं जेल कातडीला लागलं की अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी होऊ शकते: खाज, पुरळ, नख सुटणं. ही अ‍ॅलर्जी जन्मभर राहते, आणि पुढे दाताच्या फिलिंगमध्येही तीच रसायनं भेटतात. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्येच घरगुती किटबद्दल असा इशारा दिला होता. जेलमधलं टीपीओ हे रसायन युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून बंद केलं आहे. घ्यायचंच ठरवलं असेल तर बाटलीवर ‘टीपीओ-फ्री’ आणि ‘हेमा-फ्री’ (हेमा हे अ‍ॅलर्जी करणाऱ्या अ‍ॅक्रिलेटांपैकीच एक) बघा, त्याच कंपनीचा दिवा घ्या आणि जेल कातडीला लागू देऊ नका. काढताना अ‍ॅसिटोनचा कापूस फॉइलमध्ये गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. खरवडलं तर नखाचा पापुद्रा बरोबर निघतो. माझं मत विचाराल तर वर्षातून चार-पाच वेळा हौस करणाऱ्यांनी किट घेऊ नये.

एका दिवसापुरतं हवं असेल तर चिकटवायची तयार नखं १५० ते ३०० रुपयांत मिळतात, त्यांच्यावर नक्षी आधी निवांत काढून ठेवता येते. सोबत आलेल्या चिकट टॅबनी लावा. डिंक लावणार असाल तर तो नखांचाच हवा, फेविक्विक नाही. सांडलेला डिंक कापसाने पुसू नका, कापसावर तो तापतो आणि चटका बसतो. कडेने सुटलेलं नख तसंच ठेवलं तर आत पाणी साचून खालचं खरं नख हिरवट पडू शकतं. सुटलं की काढून टाका.

घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर रुग्णालयात नखांचा रंग काढून यायला सांगतात, कारण बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरला गडद रंगामुळे अडथळा येऊ शकतो. रिमूव्हर शिल्लक आहे ना, ते आदल्या दिवशीच बघून ठेवा.